आजारी बालकांच्या कुटुंबांना आधार : स्वयंसेवक आणि देणगीदार नेमके काय करतात?

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासमोरील रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. मूळचे गोमंतकीय असलेले हे ख्यातनाम कर्करोग शल्यविशारद याच रुग्णालयात आयुष्यभर झिजले आणि १९६९ साली निवर्तले. त्यांच्या नावाच्या या रस्त्याच्या कडेला सकाळच्या वेळी दिसणारे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तोंडाला मास्क लावलेले, डोक्यावरचे केस गेलेले एखादे पाच-सहा वर्षांचे मूल आईच्या मांडीवर निजलेले असते. शेजारी कपड्यांचे गाठोडे, पाण्याची बाटली आणि प्लास्टिकच्या पिशवीत जिवापाड जपलेली एक फाईल असते. वडील आत कुठल्या तरी रांगेत उभे असतात. ही कुटुंबे बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशातून येतात, तशीच मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातूनही येतात. काही थेट आपल्या तालुक्यांतूनही येतात. विरार लोकलच्या ज्या डब्यात अपंगांसाठी व कर्करुग्णांसाठी जागा राखून ठेवलेली असते, त्या डब्यात पहाटे डोकावले तर याची खात्री पटते.

धर्मग्रामांतील बैठकांमध्ये या विषयावर बोलणे निघाले की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला प्रश्न असा : सरकारी योजना आहेत, मोठमोठे ट्रस्ट आहेत, मग आमच्या तुटपुंज्या मदतीने काय होणार? दुसरा : आम्ही ना डॉक्टर, ना परिचारिका, तिथे जाऊन आम्ही करायचे तरी काय? दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. त्यांची उत्तरे मात्र हे काम कसे चालते ते नीट पाहिल्याशिवाय देता येत नाहीत. म्हणून हा लेखनप्रपंच.

उपचार अर्ध्यावर का सुटतात?

बालकांना होणाऱ्या कर्करोगांत रक्ताचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. त्यातील ‘अ‍ॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’ या प्रमुख प्रकाराचे उपचार साधारणतः दोन ते तीन वर्षे चालतात. पहिले काही महिने तीव्र केमोथेरपीचे असतात. त्या काळात कुटुंबाला रुग्णालयाजवळच राहावे लागते, कारण ताप केव्हा चढेल आणि रक्त केव्हा द्यावे लागेल याचा नेम नसतो. त्यानंतरचा दीर्घ टप्पा घरी गोळ्या घेण्याचा आणि ठरलेल्या दिवशी तपासणीस येण्याचा असतो.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिल्या महिनाभराच्या औषधांनंतर मूल पुष्कळदा टवटवीत दिसू लागते, खेळू लागते. सूक्ष्मदर्शकाखाली रोगट पेशी जवळजवळ दिसेनाशा होतात. डॉक्टर सांगतात की अजून उपचार पूर्ण झालेले नाहीत. पण बापाच्या खिशातले पैसे मात्र संपलेले असतात. गावी भाताची लावणी खोळंबलेली असते, धाकटे भावंड आजीपाशी रडत असते, आणि डोळ्यांसमोरचे मूल तर बरे झालेले दिसते. कुटुंब गावी निघून जाते. काही महिन्यांनी रोग परततो, आणि परतलेला रोग पहिल्याहून कठीण असतो. ज्या मुलाच्या बरे होण्याची चांगली शक्यता होती, त्याची वाट अशा रीतीने बंद होते. यात डॉक्टरांची चूक नसते, औषधाची नसते. आईवडिलांना दोष देण्याआधी आपण त्यांच्या जागी उभे राहून पाहावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या शंभर मुलांपैकी ऐंशीहून अधिक बरी होतात, तर अनेक गरीब देशांत तीसही वाचत नाहीत. उशिरा होणारे निदान, औषधांची टंचाई ही त्याची कारणे आहेतच. पण अर्ध्यावर सुटलेले उपचार हेही संघटनेने नोंदवलेले एक प्रमुख कारण आहे. २०३० पर्यंत जगभरात निदान साठ टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट २०१८ साली ठरविण्यात आले.

या बाबतीत परळचाच अनुभव बोलका आहे. टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागात २००९ च्या सुमारास साधारण पाचांपैकी एक कुटुंब उपचार नाकारीत असे किंवा मध्येच सोडीत असे. पुढे विभागाने ‘इम्पॅक्ट फाउंडेशन’ या नावाने निधी, निवारा, आहार, रक्त, शिक्षण आणि समुपदेशन यांची एकत्र घडी बसवली. न आलेल्या कुटुंबाला फोन करून शोधण्याची पद्धत सुरू केली. काही वर्षांतच हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. या बदलाला नवे जादूचे औषध कारणीभूत नव्हते. भाडे, जेवण, गाडीखर्च आणि “का बरे आला नाहीत?” असे विचारणारा एक आवाज, एवढ्यानेही पुष्कळ मुलांचे उपचार पूर्ण होऊ शकले. आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी येथेच मिळते.

योजना कुठवर पोहोचतात?

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१८ पासून केंद्राची आयुष्मान भारत योजना आहे. त्यांचे मोल कमी लेखू नये. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन यांच्या खर्चाचा मोठा भार त्या उचलतात. पण वडिलांचा बुडालेला रोज, खोलीचे भाडे, तिघांचे दोन वेळचे जेवण, गावाकडे राहिलेल्या मुलांचा खर्च यांना कोणत्याही योजनेत रकाना नाही. रेल्वेत कर्करुग्णाला शयनयान वर्गात पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते, परंतु त्यासाठी ठरावीक नमुन्यातील डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, हे पुष्कळांना परतीचे तिकीट काढून झाल्यावर कळते.

शिवाय कागदपत्रे! आधार कार्डावर मुलाचे नाव एक, रेशनकार्डावर दुसरे आणि केसपेपरवर तिसरे असते. एखादा काना-मात्रा इकडचा तिकडे झाला की अर्ज परत येतो. ज्याला शहरी कार्यालयाची सवय आहे त्याला हे काम अर्ध्या दिवसाचे. ज्याने तहसील कचेरीची पायरी कधी चढलेली नाही त्याला ते डोंगराएवढे. स्वयंसेवकाचे काम पुष्कळदा येथून सुरू होते.

निवारा

आजारी मुलाच्या आईवडिलांना डोक्यावर छप्पर द्यावे, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात फ्रेड हिल नावाच्या फुटबॉलपटूच्या लहान मुलीला ल्युकेमिया झाला. रुग्णालयाच्या खुर्च्यांवर रात्र काढणारे, यंत्रातून मिळेल ते खाणारे इतर पालक त्याने पाहिले. तेथील बालकर्करोगतज्ज्ञ डॉ. ऑड्री इव्हान्स यांच्या मनात अशा पालकांसाठी घर असावे ही गोष्ट आधीपासूनच होती. दोघांच्या प्रयत्नांतून आणि लोकवर्गणीतून १९७४ साली पहिले ‘रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस’ उघडले. आज तशी घरे अनेक देशांत आहेत.

पण आपल्याला एवढे लांब जाण्याचे कारण नाही. रुग्णांच्या नातेवाइकांनी रस्त्यावर झोपू नये म्हणून धर्मशाळा बांधण्याचा ध्यास गाडगेबाबांनी त्याआधीच घेतला होता. बाबा १९५६ साली गेले. त्यांच्या नावाने दादर येथे चालणाऱ्या धर्मशाळेत आजही कर्करुग्ण आणि त्यांचे आप्त नाममात्र दरात राहतात. हातात खराटा घेतलेल्या त्या संताला रुग्णालयाच्या दाराबाहेरचे दुःख दिसले होते, याची आठवण आपण ठेवली पाहिजे.

फक्त कर्करुग्ण बालकांसाठी काम करणारी संस्था म्हणजे ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’. निहाल व श्यामा कविरत्ने या दांपत्याने २००६ साली मुंबईत तिची स्थापना केली. संत ज्यूड हे हताश झालेल्यांचे कैवारी म्हणून आपल्या वाचकांना परिचित आहेत. त्यांचे नाव असले तरी ही संस्था चर्चची नाही, हे स्पष्ट केलेले बरे. आमच्याकडे तसा गैरसमज आहे. अमेरिकेतील मेम्फिस येथे डॅनी थॉमस या कॅथलिक कलावंताने संत ज्यूड यांना केलेला नवस फेडण्यासाठी १९६२ साली मुलांचे प्रसिद्ध रुग्णालय उभारले, तेही वेगळे. मुंबईच्या या संस्थेची केंद्रे आता कोलकाता, दिल्ली, जयपूर, हैदराबाद, चेन्नई, गुवाहाटी आदी शहरांतही आहेत. मुंबईत कॉटन ग्रीन येथे पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारतींत तिचे मोठे संकुल आहे.

तेथील रचना समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक कुटुंबाला, म्हणजे मूल आणि आईवडील यांना, स्वतंत्र जागा मिळते. स्वयंपाकघर सामाईक, परंतु प्रत्येकीची शेगडी आणि ओटा वेगळा. शिधा संस्था देते. रांधते मात्र आई. आयते ताट वाढणे कदाचित अधिक सोपे झाले असते. पण ज्या बाईच्या हातून घर, शेत, मुले सारे काही सुटलेले असते, तिला आपल्या लेकराला आपल्या चवीचे रांधून घालता यावे, यात मोठा आधार आहे. बंगालची आई माशाचे कालवण करते, शेजारी परभणीची आई भाकरी थापते. आठवड्याभरात दोघींना एकमेकींचे पदार्थ येऊ लागतात, आणि कोणत्या औषधाने मुलाच्या तोंडाला फोड येतात, तेव्हा काय भरवायचे, हेही त्या एकमेकींकडून शिकतात.

आमची एक चूक

अन्नाचा विषय निघाला आहे, तर आमच्या फजितीची गोष्ट सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने नाताळच्या सुमारास मुंबईतील एका रुग्णालयातील मुलांना भेटण्याचे ठरविले. द्राक्षांच्या करंड्या, फुलांचे गुच्छ, फुगे, मलईचा केक, असा सारा थाट घेऊन आम्ही पंधरा माणसे पोहोचलो. वॉर्डच्या दारात सिस्टरने अडवले. केक नको, द्राक्षे नकोत, फुले तर मुळीच नकोत. आणि पंधरा जणही नकोत. आमच्यापैकी एकाला शिंका येत होत्या, त्यांना तर जिन्यावरूनच परत पाठवण्यात आले. आम्ही रागावलो होतो, हे कबूल केले पाहिजे. कारण नंतर समजले.

केमोथेरपीने कर्करोगाच्या पेशी मरतात, तशाच रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही घटतात. अशा काळात आपल्याला क्षुल्लक वाटणारी सर्दी मुलाच्या जिवावर बेतू शकते. न शिजवलेले, उघड्यावर कापलेले, नीट धुता न येणारे असे काहीही धोक्याचे असते. द्राक्षाची साल पातळ. फुलदाणीच्या पाण्यात जंतू वाढतात. ताजे, घरी शिजवलेले, गरम अन्न आणि उकळलेले पाणी हाच नियम. फळ द्यायचेच तर जाड सालीचे, आणि तेही डॉक्टरांना विचारून. आमच्या वसईची केळी या कसोटीला उतरतात, एवढेच काय ते आमचे समाधान.

पोषणाचा प्रश्न याहून मोठा आहे. पुष्कळ मुले रुग्णालयात येतात तेव्हाच कुपोषित असतात. अशा मुलाला औषधाची पूर्ण मात्रा सोसत नाही, जखमा लवकर भरत नाहीत, ताप वारंवार येतो. म्हणून ‘कडल्स फाउंडेशन’ सारख्या संस्था रुग्णालयांतच आहारतज्ज्ञ नेमतात. अंडी, दूध, डाळ, शेंगदाण्याची पूड यांचे गणित प्रत्येक मुलामागे मांडले जाते. देणगीदाराला अंड्यांच्या ट्रेमध्ये काही भव्य दिसत नाही. डॉक्टरांना दिसते.

स्वयंसेवकाचे काम

आता दुसरा प्रश्न. आम्ही जाऊन काय करायचे?

या क्षेत्रात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचे निरीक्षण असे की आठवड्यातून एकदा दोन तास, पण वर्षभर न चुकता येणारा माणूस हवा असतो. आठवडाभर रोज येऊन नंतर अदृश्य होणारा नको. मुले माणसांची वाट पाहतात. न आलेल्या माणसाचे कारण त्यांना समजत नाही.

कामे साधी असतात. नव्याने आलेल्या बापाला नोंदणीच्या खिडकीपासून रक्ततपासणीपर्यंत आणि तेथून समाजसेवा विभागापर्यंत घेऊन जाणे. अर्ज भरून देणे. बंगाली किंवा भोजपुरी येत असेल तर डॉक्टरांचे बोलणे आईला तिच्या भाषेत सांगणे, आपल्या पदरची भर न घालता. खेळघरात चित्रे काढणे, गोष्टी सांगणे. बुडालेल्या शाळेचा अभ्यास घेणे. सहावीतल्या मुलाला अपूर्णांक शिकवताना आपणच ते विसरलो आहोत हे ध्यानात येते, आणि त्याला त्याचे फार हसू येते. आई दोन तास झोपली किंवा न्हायला गेली तर मुलाजवळ बसणे. ही शेवटची सेवा कोणत्याही अहवालात येत नाही, पण आयांना विचारले तर त्या हीच आधी सांगतील असे आम्हांला वाटते.

नियम कडक असतात आणि तसेच असावेत. संस्था ओळखपत्र मागते, प्रशिक्षण देते. कोणत्याही मुलासोबत एकट्याने बंद खोलीत थांबायचे नाही. छायाचित्रे काढायची नाहीत. मुलाचा आजार, त्याचे नाव, त्याचे गाव बाहेर बोलायचे नाही. आपल्याला खोकला असेल, घरात कोणाला कांजिण्या असतील, तर त्या आठवड्यात जायचे नाही. औषधाविषयी मत द्यायचे नाही. येथे आमच्या लोकांना थोडे आवरावे लागते, कारण ‘अमुक गावच्या वैद्याकडे नेऊन पाहा, आमच्या मावशीचे बरे झाले’ हे वाक्य आपल्या ओठांवर तयारच असते. उपचार अर्ध्यावर सुटण्यात अशा सदिच्छांचाही वाटा असतो.

आणि श्रद्धेविषयी. या वॉर्डात सर्व धर्मांची मुले असतात. एखाद्या आईने आपणहून प्रार्थना करायला सांगितली तर अवश्य करावी, हळू आवाजात. न सांगितल्यास आपली जपमाळ खिशात असू द्यावी. ती तेथेही चालते. ‘ही देवाने घेतलेली परीक्षा आहे’ असे कोणत्याही आईला सांगू नये. तिने विचारले की ‘माझ्याच लेकराला का?’, तर आपल्याकडे उत्तर नाही, आणि ते नसल्याचे लपवू नये.

रक्त आणि प्लेटलेट्स

ज्याला पैसे देणे जमत नाही आणि वेळही नाही, त्यालाही देता येण्यासारखे एक दान आहे.

रक्ताच्या कर्करोगात आणि केमोथेरपीच्या काळात मुलाच्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणारे सूक्ष्म कण, धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. नाकातून, हिरड्यांतून रक्त येऊ लागते; मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय असते. बाहेरून प्लेटलेट्स द्याव्या लागतात. अडचण अशी की प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस टिकतात. पंधरा ऑगस्टला किंवा सणाच्या दिवशी भव्य रक्तदान शिबिर भरवले, तरी तेथील प्लेटलेट्स पुढच्या आठवड्यात उपयोगी पडत नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत, जेव्हा नेहमीचे रक्तदाते गावी गेलेले असतात, तेव्हा रक्तपेढ्यांत ओढ जाणवते. आजाराला मात्र सुट्टी नसते.

यावर उपाय म्हणजे यंत्राद्वारे केवळ प्लेटलेट्सचे दान करणे. दात्याच्या हातातून रक्त यंत्रात जाते, प्लेटलेट्स वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त त्याच्या शरीरात परत सोडले जाते. तास-दीड तास लागतो. अशा एका दात्याकडून मिळणाऱ्या प्लेटलेट्स साधारण सहा सामान्य रक्तदात्यांच्या बरोबरीच्या असतात, आणि मुलाच्या शरीरात सहा जणांऐवजी एकाचेच रक्तघटक जातात, हाही मोठा लाभ. वजन ५० किलोंहून अधिक असलेला निरोगी प्रौढ हे दान करू शकतो. मात्र आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिनची गोळी घेतलेली नसावी. शरीरात त्यांची भरपाई लवकर होते, म्हणून हे दान थोड्या दिवसांच्या अंतराने पुन्हा करता येते. साध्या रक्तदानासाठी वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असावे, पुरुषांनी तीन महिन्यांनी, स्त्रियांनी चार महिन्यांनी पुन्हा करावे.

आमची धर्मग्रामांना सूचना अशी की वर्षातून एकदा दोनशे जणांचे शिबिर घेण्याबरोबरच रक्तगटांनुसार तीस-चाळीस तरुणांची यादी करून ती रक्तपेढीकडे द्यावी, आणि बोलावणे येईल तेव्हाच त्यांनी जावे. छायाचित्र निघणार नाही, प्रमाणपत्र कदाचित मिळेल.

याच्याच पुढची पायरी अस्थिमज्जेतील मूळपेशी दानाची. काही मुलांना तिचीच गरज असते. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारांत एक इतकी असते. भावंड जुळले नाही तर अनोळखी दात्यांच्या नोंदवहीत शोधावे लागते. हे जुळणे वंशपरंपरेवर अवलंबून असल्याने आपल्याच समाजगटात जुळणारा दाता सापडण्याची शक्यता अधिक. वसईतील सामवेदी, कुपारी, वाडवळ, कोळी, आगरी असे लहान समाज राष्ट्रीय नोंदवह्यांत कमी आहेत, तर आपल्या मुलांसाठी आपल्यातलेच दाते नोंदवलेले असले पाहिजेत. नोंदणीला गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा पुरतो.

देणगी कशी द्यावी?

वाढदिवसाला शंभर मुलांना केक कापून देणारे पुष्कळ भेटतात. संडासाच्या सफाई कामगाराचा महिन्याचा पगार देणारे विरळा. तरी निवासात संसर्ग होऊ न देण्याचे काम त्या कामगाराच्या हातात असते. विजेचे बिल, पाण्याची टाकी धुणे, रात्रपाळीचा चालक यांना फलक लावता येत नाही. म्हणून देणगी देताना ‘आपल्याला जिथे गरज असेल तिथे वापरा’ एवढे लिहिणारा देणगीदार संस्थांना फार प्रिय असतो.

डिसेंबरात आणि दिवाळीत मिठाईचे डबे मोजता येत नाहीत. जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर, कोणी फिरकत नाही. ठरावीक रक्कम दरमहा देणे हा त्यावर सोपा उपाय. पन्नास कुटुंबांनी महिन्याला दोनशे रुपये दिले तर दरमहा दहा हजार, वर्षाला एक लाख वीस हजार रुपये होतात, आणि संस्थेला ते येणार हे आधीच ठाऊक असते. त्या भरवशावर ती एका कुटुंबाला ‘या, राहा’ असे म्हणू शकते.

जुने कपडे व खेळणी देण्याआधी विचारावे. मऊ कापडी खेळणी धुता येत नाहीत, म्हणून ती नाकारली जातात.

भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या आवाहनांविषयी सावध असावे. एखाद्या मुलाचे छायाचित्र, खाली बँक खात्याचा क्रमांक, आणि ‘आज रात्रीपर्यंत पाठवा’ अशी विनवणी. काही आवाहने खरी असतात. काही वर्षांमागची असतात, ज्यांतील मूल बरे होऊन शाळेत जाते आहे किंवा या जगात राहिलेले नाही. काही निखालस खोटी. पैसे शक्यतो रुग्णालयाच्या रुग्णसाहाय्य निधीत किंवा नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात भरावेत, पावती घ्यावी. एखाद्या विशिष्ट मुलालाच मदत करायची असेल तर रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेविकेला भेटावे. गरज कोणती, योजनेतून किती मिळाले, किती कमी पडते, हे तिला ठाऊक असते. आयकराची सवलत दोन हजार रुपयांवरील रोख देणगीस मिळत नाही, आणि नव्या करपद्धतीत ती कोणालाच नाही, हे आपल्या हिशेबनिसाला विचारून घ्यावे.

जेव्हा उपचार थांबतात

सर्व मुले बरी होत नाहीत. या विषयावरील लेखांत ही गोष्ट सहसा शेवटच्या ओळीत उरकली जाते. ते आम्हांला योग्य वाटत नाही.

औषधांनी आता लाभ होणार नाही असे डॉक्टर सांगतात, तेव्हाही मुलाच्या वेदना शमवता येतात. मॉर्फिन हे औषध त्यासाठीच आहे, आणि कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीनंतर ते मान्यताप्राप्त रुग्णालयांना मिळणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले. मॉर्फिन म्हणजे शेवट, अशी भीती पालकांना असते. वेदना शमली की मूल पुन्हा खेळणे मागते, हे पाहिल्यावर ती ओसरते. वांद्र्याच्या माउंट मेरी टेकडीवर डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली स्थापन केलेले ‘शांती आवेदना सदन’ हे अशा रुग्णांसाठी भारतातील पहिले आश्रयस्थान मानले जाते. गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा आहेत. येथे पैसे घेतले जात नाहीत.

या टप्प्यावर देणगीचा उपयोग वेगळा होतो. मुलाला आपल्या घरी जायचे असते, आणि घर हजार किलोमीटरवर असते. शेवटचा प्रवास रुग्णवाहिकेने करायचा तर ते भाडे भल्याभल्यांना परवडत नाही. काही संस्था यासाठी निधी बाजूला ठेवतात. त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

मूल गेल्यावर आईवडील परततात ते कर्ज, रिकामी पिशवी आणि ती फाईल घेऊन. ज्या स्वयंसेवकांनी वर्षभर त्यांची सोबत केली, त्यांच्यापैकी एखाद्याने महिनाभराने फोन केला, मुलाचे नाव घेऊन बोलले, तर ते त्यांना हवे असते. लोक नाव घेण्याचे टाळतात. दुःख उकरले जाईल असे त्यांना वाटते. आईला ते कधी पुरलेलेच नसते.

आपल्या आळीत, आपल्या पाड्यावर

परळ लांब आहे असे म्हणणाऱ्यांसाठी घराजवळही काम आहे. उपचारांच्या मधल्या काळात मूल गावी येते. केस गेलेले असतात, चेहरा सुजलेला असतो. शेजारची मुले खेळायला येत नाहीत, कारण त्यांच्या घरून मनाई झालेली असते. कर्करोग स्पर्शाने, श्वासाने, एका ताटात जेवल्याने होत नाही. धोका उलट्या दिशेने आहे : आपल्या घरातील सर्दी, गोवर, कांजिण्या त्या मुलाला लागू नयेत म्हणून आपण जपायचे. शाळेत कांजिण्यांची साथ आली तर शिक्षकांनी त्याच दिवशी त्याच्या घरी कळवावे. तेवढे संभाळले की त्याला खेळात घ्यावे, प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात बसवावे, गायनवृंदात उभे करावे. केस पुन्हा येतात.

भावंडांकडेही पाहावे. घरातील निरोगी मुलाला त्या दोन-तीन वर्षांत कोणी विचारीत नाही. त्याचा गृहपाठ, त्याची फी, त्याचा वाढदिवस एखाद्या शेजाऱ्याने आपणहून अंगावर घेतला, तर आईवडिलांचे निम्मे ओझे उतरते.

आणि एक अगदी नेमके काम. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला ताप येणे ही तातडीची बाब आहे. सकाळपर्यंत थांबता येत नाही; तापाची गोळी देऊन वाट पाहता येत नाही. त्याला लवकरात लवकर रुग्णालयात नेऊन शिरेतून प्रतिजैविक सुरू करावे लागते. हा ताप बहुधा रात्री चढतो, शेवटची रिक्षा गेल्यानंतर, आणि पावसाळ्यात आपल्याकडचे रस्ते पाण्याखाली असताना. लहान ख्रिस्ती समूहाच्या पुढच्या बैठकीत ज्यांच्याकडे गाडी आहे अशा चार जणांची नावे व भ्रमणध्वनी क्रमांक एका कागदावर लिहावेत, कोणी कोणत्या रात्री जागे राहायचे ते ठरवावे, आणि तो कागद त्या घराच्या दाराच्या आतल्या बाजूला थर्मामीटरशेजारी लावून यावा.